डिझेल हेच वंगण

पिकअप रस्त्याच्या कडेला बंद पडली आहे आणि मिस्त्री मोटरसायकलवरून येऊन पोहोचला आहे. तो जाणता असेल तर बॉनेटला हात लावण्याआधी विचारतो, "दादा, एकदम बंद पडली का दम टाकत टाकत?" मागे माल भरलेला, बाजारात व्यापारी वाट पाहत असलेला, डोक्यावर ऊन. अशा वेळी चालकाला हा प्रश्न वेळकाढूपणा वाटतो. पण निम्मे निदान या उत्तरातच होते. बटण बंद करावे तसे इंजिन थांबले असेल, तर बहुधा कुठेतरी वीज तुटलेली असते. आचके देत, ओढ सोडत, पाय दाबूनही वेग न घेता ते थांबले असेल, तर डिझेल पोहोचत नसते. याशिवाय एक तिसरे उत्तरही येते : "चालत्या गाडीत काहीच नव्हतं. चहाला थांबलो, बंद केली, ती परत लागलीच नाही." इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाची खरी अवस्था सांगणारे उत्तर हेच. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

गाडी कोणती हे आधी ठरवून घेऊ. महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांच्या आवारात आजही दिसणाऱ्या जुन्या डिझेल पिकअप, म्हणजे कॉमन रेल ही नवी इंधनपद्धत येण्याआधीच्या, ज्यांच्यापैकी अनेकींमध्ये 'रोटरी पंप' बसवलेला असतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेली, दोन-तीन मालक बघितलेली, हौद्याला वेल्डिंगचे जोड असलेली गाडी. तिचे इंजिन अजून धडधाकट असते. पंप मात्र असा भाग आहे की तो बिघडत चालल्याचे महिनोन्महिने कळत नाही आणि मग एका दुपारी सगळे एकदम कळते.

डिझेलचा प्रवास साधा आहे. टाकीतून नळी निघते, वाटेत पाणी वेगळे करणारे भांडे आणि हाताने दाबायचा प्रायमर, मग फिल्टर, मग पंप, आणि पंपातून जाड भिंतीच्या चार पोलादी नळ्या चार नोझलकडे. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढले जाते. पंपापासून नोझलपर्यंतच्या भागात ते ढकलले जाते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ढकलण्याच्या बाजूला गळती झाली तर डिझेल बाहेर दिसते. ओढण्याच्या बाजूला नळीला चीर गेली तर थेंबही बाहेर पडत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. म्हणून कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या रबरी नळीमुळे गाडी 'एअर घेते', आणि मालक म्हणतो की गळती कुठेच नाही, म्हणजे पंपच गेला.

रोटरी पंपाच्या आत एकच दट्ट्या असतो. तो गोल फिरतो आणि फिरता फिरता पुढे-मागेही होतो. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक फेरा होतो आणि त्या एका फेऱ्यात दट्ट्या चार वेळा पुढे येऊन चार नळ्यांना आळीपाळीने डिझेल देतो. इंजिन मिनिटाला 2400 फेऱ्यांवर चालले असेल, तर पंप मिनिटाला 4800 वेळा म्हणजे सेकंदाला 80 वेळा डिझेल मोजून देत असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने, लिटरमागे 12 किलोमीटर धावणाऱ्या पिकअपचा हिशेब मांडला तर एका वेळचे माप निघते साधारण 17 घन मिलिमीटर. ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा. हा तिसरा हिस्सा एक-दीड हजारांश सेकंदात, कित्येकशे बार दाबाने, चारही सिलिंडरांना सारखाच मिळायला हवा. पिकअपच्या टायरमधला दाब चार-पाच बारच्या घरात असतो. त्यावरून नळीतल्या दाबाची कल्पना यावी.

इतका दाब रबरी वायसर किंवा रिंग लावून धरून ठेवता येत नाही. दट्ट्या आणि त्याचे घर यांच्यामध्ये सीलच नसते. दोन्ही भाग एकमेकांना घासून इतके नेमके बसवलेले असतात की त्यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉन राहते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणून एका पंपाचा दट्ट्या दुसऱ्या पंपाच्या घरात चालत नाही. ही जोडी जुळवूनच तयार होते आणि बदलायची झाली तर जोडीनेच बदलावी लागते. पंपवाले तिला 'हेड' म्हणतात. "हेड गेलंय" हे त्यांचे वाक्य मालकाच्या खिशाला सगळ्यात जड जाते.

डिझेल इंजिनाच्या इतिहासात या नेमकेपणाची वाट बरीच वर्षे पाहावी लागली. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन आउग्सबुर्गला 1897 मध्ये यशस्वी ठरले, पण त्यात इंधन आत फुंकण्यासाठी वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात, जहाजावर ते धूड चालून गेले. रस्त्यावरच्या गाडीत ते मावणे कठीण होते. रॉबर्ट बॉश यांनी 1922 मध्ये डिझेलसाठी पंप बनवण्याचे काम हाती घेतले आणि 1927 मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. ट्रक आणि ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर डिझेलवर आले ते त्यानंतर. म्हणजे इंजिन तयार असूनही तीस वर्षे रस्ता त्याला फारसा मोकळा नव्हता, आणि तो मोकळा करणारी वस्तू हा पंप होता. आपल्याकडे 1951 मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मायको कंपनीने हे तंत्र आणले. पुढे नाशिकच्या सातपूर वसाहतीत नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल आजही त्याच नावाने ओळखले जाते. कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी मायकोच राहिले.

सुरुवातीचे पंप 'इनलाइन' होते : सिलिंडरगणिक एक दट्ट्या, आणि खालच्या कॅमला इंजिन ऑइलचे वंगण. जड, महाग, पण सोशिक. 1975 मध्ये बॉशने बाजारात आणलेला व्हीई जातीचा रोटरी पंप हलका, आटोपशीर आणि स्वस्त होता, कारण त्यात दट्ट्या एकच. छोट्या गाड्यांना डिझेल परवडू लागले ते या पंपामुळे. मात्र यात एक मोठा बदल झाला आणि चालकांच्या तो कधी लक्षातच आला नाही. या पंपात इंजिन ऑइल येत नाही. आतले सगळे भाग, बेअरिंग, कॅम, दट्ट्या, गव्हर्नरची वजने, डिझेलमध्येच बुडालेले असतात. डिझेलच त्यांचे वंगण आणि डिझेलच त्यांना गार ठेवणारे पाणी. इंजिनाला लागते त्याहून जास्त डिझेल पंप ओढतो आणि उरलेले आतली उष्णता घेऊन परतीच्या नळीने टाकीत जाते.

एवढे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. इंजिन ऑइल काळे पडले तर मालक बदलतो, कमी झाले तर भरतो. पंपाचे ऑइल मात्र तो दर दोन दिवसांनी पेट्रोल पंपावर नव्याने विकत घेत असतो आणि त्याकडे फक्त इंधन म्हणून पाहतो. टाकीत काय आहे आणि किती आहे, यावर पंपाचे आयुष्य ठरते.

किती आहे, हे आधी पाहू. रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय भाड्याच्या धंद्यात सर्रास दिसते. हातात आलेल्या पैशांत आज जेवढे बसेल तेवढेच डिझेल. चाळीस लिटर डिझेलमध्ये परतीच्या डिझेलची उष्णता पसरून जाते. पाच लिटरांत ती पसरायला जागा नसते. तेच डिझेल पुन्हापुन्हा पंपातून फिरत तापत राहते. तापलेले डिझेल पातळ होते आणि पातळ वंगण घासणाऱ्या धातूंना वेगळे ठेवू शकत नाही. शिवाय टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो, कारण पाणी डिझेलहून जड. घाटाच्या उतारावर, वळणावर तळ ढवळला की नळीच्या तोंडाशी तेच येते.

पाणी टाकीत जाते तरी कसे? झाकणाचा रबर सुकलेला असतो, पावसाळ्यात रात्री रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर आतून बाष्प धरते, पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी उतरलेले असते. दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत पाण्याचा थेंब शिरला की त्या जागी वंगण उरतच नाही, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर पोलाद गंजते. फिल्टरखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून पाणी काढायला पाच मिनिटे लागतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हे करणारा चालक मला भेटला, की मी त्याच्या गाडीची किंमत मनातल्या मनात वाढवतो.

आता टाकीत काय आहे ते. आपल्याकडे अनेक वर्षे या प्रश्नाचे उत्तर होते केरोसीन. रेशनचे अनुदानित निळे केरोसीन डिझेलपेक्षा इतके स्वस्त होते की दोन्ही मिसळण्यात मोठा पैसा होता. डिझेलमध्ये केरोसीन मिसळले तरी गाडी चालते, हेच या भेसळीचे बळ. चालकाला त्या दिवशी काही जाणवत नाही. पण केरोसीन डिझेलपेक्षा पातळ, आणि त्याचा वंगणपणा कमी. रोटरी पंपाचे हेड त्यावर झिजत जाते आणि बिल येते ते महिन्यांनी, जेव्हा कोणत्या पंपावरचे डिझेल बाधले हे सांगणे कोणालाच शक्य नसते. या धंद्याची ताकद किती होती, हे 25 जानेवारी 2011 रोजी महाराष्ट्राने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडी भागात भेसळ पकडली आणि भेसळखोरांनी त्यांना भर दुपारी जिवंत जाळले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. झिजलेल्या पंपांविषयी लिहिताना हे नाव घ्यायलाच हवे. ज्या डिझेलवर हजारो गरीब वाहनमालकांची रोजीरोटी चालते, ते शुद्ध राहावे म्हणून त्या माणसाने जीव दिला. पुढच्या दशकात रेशनच्या केरोसीनचे अनुदान टप्प्याटप्प्याने संपत गेले आणि मिसळण्यातला नफा आटला.

डिझेल शुद्ध असले तरी ते वंगण म्हणून चांगले असेलच असे नाही, हा धडा जगाला स्वीडनने दिला. तिथे 1991 मध्ये गंधक जवळजवळ काढून टाकलेल्या डिझेलला करसवलत दिली गेली. हवेसाठी ते उत्तम होते. पण थोड्याच काळात रोटरी पंप अकाली झिजून बंद पडू लागले. गंधक हेच वंगण होते, असा समज त्यातून पसरला आणि तो आजही आपल्या गॅरेजांमध्ये ऐकू येतो. तो खरा नाही. गंधक काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची जी प्रक्रिया होते, तिच्यात गंधकाबरोबर ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले काही रेणूही निघून जातात. हे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून पातळसा थर धरतात. खरे रक्षण तो थर करतो. मग उपाय निघाला तो डिझेलमध्ये वंगणपणा वाढवणारे रसायन अत्यल्प प्रमाणात घालण्याचा, आणि हा वंगणपणा मोजण्याची एक चाचणीही ठरली.

ही चाचणी बघण्यासारखी आहे. सहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी, तिच्यावर 200 ग्रॅमचे वजन, खाली पोलादी चकती, आणि दोन्ही 60 अंश तापमानाच्या डिझेलमध्ये बुडवलेले. गोळी सेकंदाला 50 वेळा एक मिलिमीटर अंतरात पुढे-मागे घासली जाते. 75 मिनिटांनी गोळी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि तिच्यावर पडलेला झिजेचा डाग मोजतात. आपल्या मानकानुसार तो 460 मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून लहान डाग, आणि त्यावर देशभरातल्या पंपांचे आयुष्य तोललेले. भारतात डिझेलमधले गंधक प्रदूषण-मानकांच्या बीएस-3 टप्प्यात दहा लाखांत 350 भाग होते, बीएस-4 मध्ये 50 झाले आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 मध्ये 10 वर आले. जुन्या पिकअपला नवे डिझेल मानवत नाही, अशी भीती अनेकांना वाटते. मानकाप्रमाणे असलेले डिझेल भरले तर ती भीती बाळगायचे कारण नाही. टाकीत टू-स्ट्रोकचे ऑइल ओतण्याची चाल त्याच भीतीतून आली आहे. तेच पैसे वेळेवर फिल्टर बदलण्यात घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत झिजेच्या डागाचा हा आकडा 520 मायक्रॉन आहे, म्हणजे तिथल्या डिझेलला थोडी जास्त झीज माफ. तिथे 2011 च्या मॉडेलपासून फोर्ड आणि जीएमच्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये बॉशचा सीपी4 हा कॉमन रेलचा पंप आला. त्यात कॅमवर फिरणारे रोलर डिझेलच्याच भरवशावर असतात. बिघाडात रोलर फिरायचा थांबतो, कॅमवर घासतो आणि पोलादाचा कीस डिझेलबरोबर रेलमध्ये, इंजेक्टरांमध्ये, परतीच्या नळीने टाकीपर्यंत पोहोचतो. मग पंप बदलून भागत नाही; जवळपास सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते आणि खर्च हजारो डॉलरांत जातो. मालकांनी कंपन्यांविरुद्ध सामूहिक दावे लावले. जीएमने 2017 च्या मॉडेलपासून त्या इंजिनावर डेन्सोचा पंप घेतला.

पेट्रोलच्या पिकअपची गोष्ट वेगळी वाटली तरी तिचे मूळ तेच. तिथे पंप विजेचा असतो आणि टाकीच्या आतच बसवलेला असतो. मोटार, ब्रश, आर्मेचर सारे पेट्रोलमध्ये बुडालेले. हवा नसल्याने आग लागत नाही, आणि पेट्रोल मोटारीला गार ठेवते. टाकी सतत रिकामी ठेवली तर हा पंप तापून लवकर जातो, आणि गेला की गाडी जागची हलत नाही. तो बदलायला हौदा उचलायचा की टाकी उतरवायची, यावर अमेरिकी मिस्त्र्यांत कायम वाद असतो.

आता ते तिसरे उत्तर. मे महिना, साखरप्याहून निघालेली पिकअप आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढते आहे. कोल्हापूरचा बाजार गाठायचा आहे. घाटभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिन पूर्ण जोर लावते, बॉनेटखाली भट्टी झालेली असते, तरी गाडी कुरकुर न करता वर येते. वर चहाला थांबल्यावर चालक इंजिन बंद करतो. दहा मिनिटांनी सेल्फ मारतो : सेल्फ फिरतो, इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. सकाळी अर्ध्या सेल्फवर लागलेली हीच गाडी. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला जातो, चार माणसे ढकलतात. मग कोणीतरी जुना चालक पोते भिजवून आणतो, पंपावर अंथरतो आणि म्हणतो, "पंधरा मिनिटं थांब." पंधरा मिनिटांनी गाडी लागते.

यात जादू नाही. झिजलेल्या हेडमधली फट वाढलेली आहे. गार डिझेल घट्टसर असते, ते त्या फटीतून फारसे निसटत नाही, म्हणून सकाळी दाब तयार होतो. चालत्या इंजिनात दट्ट्या इतक्या वेगाने ढकलतो की डिझेलला निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून घाटही चढला जातो. पण तापलेले पातळ डिझेल आणि सेल्फवरचा मंद वेग एकत्र आले की बहुतेक डिझेल फटीतून मागेच सरकते आणि नोझल उघडण्याइतका दाब होत नाही. ओल्या पोत्याने पंप आणि आतले डिझेल गार होते, तेवढ्यापुरती फट भरून निघते. पोत्याऐवजी थंड पाण्याची बादली मात्र ओतू नये. बाहेरचे घर झटकन आकसते, आतला दट्ट्या गरमच राहतो, आणि दोन मायक्रॉनचा हिशेब असलेली जोडी जाम होऊ शकते.

गरम असताना न लागणारी आणि गार झाल्यावर लागणारी रोटरी पंपाची गाडी म्हणजे हेड झिजल्याची जवळजवळ पक्की खूण. त्या दिवशी बाजार गाठता आला तरी गाडी तशीच पुढच्या भाड्याला लावू नये.

बाकी दोन उत्तरांत पंप बहुधा निर्दोष असतो. एकदम बंद पडलेल्या गाडीत आधी पाहायचा तो पंपाच्या डोक्याजवळचा सोलेनॉइड. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते बंद करायचे तर डिझेलच तोडावे लागते. चावी चालू असेपर्यंत सोलेनॉइडला 12 व्होल्ट मिळतात आणि वाट उघडी राहते. वीज गेली की आतली स्प्रिंग वाट बंद करते. त्याची एकच वायर असते, बारीक नटाखाली आवळलेली, आणि इंजिनाच्या थरथरीने ती सैल होते. चावी फिरवताना पंपाजवळ कान दिला तर 'टक्' असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर वायर, फ्यूज आणि चावीचा स्विच बघायचा. या वायरीपायी पंप उतरवून तालुक्याच्या गावी पाठवल्याच्या घटना कमी नाहीत.

दम टाकत बंद पडलेल्या गाडीत प्रायमर दाबून बघायचा. दाबत गेले तरी तो कडक होत नसेल तर हवा येते आहे किंवा टाकीतूनच डिझेल येत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून दाबले की फेसाळ डिझेल येते. बुडबुडे संपेपर्यंत दाबत राहायचे, मग स्क्रू आवळायचा. तरी लागली नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट एक फेरा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल दिसले की आवळायचे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. बुडबुडे संपतच नसतील तर चिरलेली नळी शोधायची. टाकीचे झाकण उघडताच 'फुस्स' आवाज होऊन गाडी नीट चालू लागली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असते.

इथे एक सावधगिरी, आणि ती मी ठासून सांगतो. नट सैल करून हवा काढण्याची ही रीत जुन्या पंपापुरतीच आहे. कॉमन रेलच्या गाडीत 1997 च्या पहिल्या पिढीतच दाब 1350 बार होता, आता तो 2000 च्या पुढे गेला आहे. चालत्या इंजिनात त्या नळीचा नट सैल केला, किंवा बारीक गळतीवर बोट ठेवले, तर डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखत नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर मलमपट्टी करत बसू नये, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ज्यांचे हात जुन्या पंपांवर तयार झाले त्या मिस्त्र्यांना हे प्रत्येक मालकाने सांगायला हवे.

आणि घाटात इंजिन थांबले त्या क्षणी काय करायचे? ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असतानाच तयार होतो. इंजिन थांबल्यावर साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच ब्रेक हलका लागतो, पुढे तो दगडासारखा कडक होतो. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा दाबून-सोडून तो साठा उडवू नये. एकदाच, धरून, कडेला घ्यावे. पॉवर स्टिअरिंगही जड होते, हे माहीत असले की हात घाबरत नाहीत. हँडब्रेक, गिअर, चाकाला दगड, मागे त्रिकोण. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाकावा. रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव त्यावर जातो.

हेड गेलेच असेल तर पंप 'पंप रूम'मध्ये जातो. तिथे तो टेस्ट बेंचवर चढतो, मोटार त्याला ठरलेल्या वेगांवर फिरवते आणि चारही नळ्यांतले डिझेल काचेच्या चार उभ्या मापांत पडते. ठरावीक ठोक्यांनंतर मापे थांबतात. चांगल्या पंपाच्या चारही मापांत पातळी जवळपास सारखी दिसते. मालकाने हे वाचन दुरुस्तीच्या आधी आणि नंतर स्वतः उभे राहून पाहावे, सेल्फच्या मंद वेगावरचे वाचन मुद्दाम मागावे, कारण गरम गाडी लागेल की नाही ते तिथे कळते, आणि काढलेले जुने हेड परत घ्यावे. नोझलही त्याच खेपेला तपासायला द्यावेत. नवे हेड बसवण्याआधी टाकी उतरवून धुवावी, फिल्टर नवा घालावा, ओढणाऱ्या बाजूच्या रबरी नळ्या क्लिपांसकट बदलाव्यात. जुन्या हेडला झिजवणारे पाणी आणि गाळ अजून त्या टाकीतच असतो.